किरणोपचार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वऱ्हाडातील एखाद्या घरात कर्करोगाचे निदान झाले की, त्या घरातील माणसे रोगाला जितकी भितात तितकीच, किंबहुना काकणभर अधिक, त्यावरील किरणोपचाराला भितात. आणि ही भीती ऐकीव गोष्टींवर पोसलेली असली तरी तिचे परिणाम मात्र खरे असतात, कारण तिच्यापायी कोणी उपचाराला उशिरा जातो, कोणी तो अर्ध्यावर सोडून गावी परततो, तर कोणी त्या वाटेलाच जात नाही. खर्रा, तंबाखू व सुपारी यांच्या व्यसनाने होणारा मुखाचा कर्करोग आणि स्त्रियांमधील स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग, या तिन्ही व्याधींत किरणोपचाराचे स्थान मोठे आहे. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरी येथे कर्करोगानेच निवर्तले आणि नागपूरचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आज त्यांच्या नावाने रुग्णसेवा करीत आहे. महाराजांच्या या भूमीत तरी उपचाराविषयीचे अज्ञान टिकू नये, अशी मनापासून इच्छा असल्याने, अमरावतीच्या इर्विन वा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाच्या आवारात नित्य कानी पडणाऱ्या काही समजुतींची येथे क्रमाने तपासणी केली आहे.

गैरसमज : किरणोपचार म्हणजे विजेचा शॉक, त्याने अंग होरपळते.

वस्तुस्थिती अशी की, किरण शरीरात शिरताना रुग्णाला वेदना, झटका किंवा उष्णता यांपैकी काहीही जाणवत नाही. रंटगेन यांनी १८९५ साली लावलेल्या क्ष-किरणांच्या शोधातून ही विद्या वाढत गेली. छातीचा फोटो काढताना जसे काही कळत नाही, तसेच येथेही कळत नाही, फक्त किरणांची शक्ती कितीतरी पटींनी अधिक असते. उपचारापूर्वी सी. टी. स्कॅन काढून रोगाची जागा निश्चित करतात. मान वा तोंडावर उपचार असेल तर चेहऱ्याच्या आकाराचा जाळीदार साचा तयार करतात, जेणेकरून डोके रोज नेमके त्याच स्थितीत राहावे. आणि त्वचेवर खुणा करतात, ज्या उपचार संपेपर्यंत घासून पुसावयाच्या नसतात. त्यानंतर भौतिकतज्ज्ञ व डॉक्टर मिळून किरणांची दिशा आणि मात्रा यांचा हिशेब मांडतात व त्यास काही दिवस लागतात. हा काळ विनाकारण दवडला जात आहे, असा ग्रह नातेवाइकांनी करून घेऊ नये. प्रत्यक्ष उपचाराच्या वेळी रुग्ण खोलीत एकटा असला, तरी बाहेरील कर्मचारी त्यास पडद्यावर सतत पाहत असतात, आणि सारे काम बहुधा दहा-पंधरा मिनिटांत आटोपते.

गैरसमज : किरण घेतलेल्या माणसाची बाधा घरातल्यांना होते.

या समजुतीपायी रुग्णाची ताट-वाटी निराळी केली जाते, नातवंडांना त्याच्याजवळ जाऊ दिले जात नाही, आणि आधीच खचलेला जीव स्वतःच्याच घरात परका होतो. यंत्राद्वारे बाहेरून दिलेले किरण यंत्र बंद होताच संपतात. रुग्णाच्या देहात, घामात वा उष्ट्यात त्यांचा लवलेशही उरत नाही, म्हणून त्याने लेकराला मांडीवर घेण्यास, पंक्तीत जेवण्यास वा जोडीदाराशेजारी निजण्यास कोणतीही हरकत नाही. अपवाद आहेत ते अगदी निराळ्या उपचारांचे. थायरॉइडच्या कर्करोगात किरणोत्सर्गी आयोडीन पोटात घेतलेल्या रुग्णास काही दिवस इतरांपासून, विशेषतः बालके व गर्भवती स्त्रिया यांच्यापासून, अंतर राखावे लागते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणांचा स्रोत नळीवाटे आत ठेवतात. परंतु हल्लीच्या प्रचलित पद्धतीत तो काही मिनिटांतच काढून घेतला जातो व स्त्री कोणत्याही बाधेविना घरी परतते.

गैरसमज : सगळे केस गळतात आणि माणूस त्यातून उठत नाही.

किरणांचा परिणाम जेथे ते पडतात तेथेच मुख्यत्वे होतो. स्तनावर वा ओटीपोटावर उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या डोक्यावरील केस त्यामुळे जात नाहीत, आणि सर्वांगाचे केस जातात ते काही औषधांच्या, म्हणजे केमोथेरपीच्या, उपचारात. त्रास होतच नाही असे सांगणे मात्र रुग्णाची फसवणूक ठरेल. थकवा बहुतेकांना येतो. तोंडावर किरण घेणाऱ्यास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येते, चव जाते, लाळ आटते, गिळणे अवघड होते, आणि त्वचा काळवंडते; हा त्रास उपचार संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे वाढू शकतो व मग हळूहळू ओसरतो. लाळेची कमतरता व जबड्याचा ताठरपणा काहींना पुढे वर्षानुवर्षे राहतो, म्हणून तोंड उघडण्याचे व्यायाम डॉक्टर सांगतील तसे रोज करावेत. किडलेल्या दातांचा बंदोबस्त उपचारापूर्वीच करून घ्यावा. आणि नंतर, अगदी काही वर्षांनीही, दात काढण्याची वेळ आली तर आपण किरणोपचार घेतला असल्याचे दंतवैद्यास आधी सांगावे, कारण किरण लागलेल्या जबड्याची जखम सहजी भरत नाही.

या दिवसांत ठेचा, लोणचे व तिखट रस्सा बाजूला ठेवून मऊ खिचडी, ज्वारीच्या कण्या, वरणभात, दूध, दही व चालत असल्यास अंडी, असा आहार थोडाथोडा पण वारंवार द्यावा; पथ्याच्या नावाखाली दूध व डाळी बंद करणे म्हणजे रुग्णाचे बळ आपल्याच हातांनी काढून घेणे होय. गिळणे फारच अवघड झाले व डॉक्टरांनी नाकावाटे नळी सुचविली, तर तो शेवट जवळ आल्याचा संकेत समजू नये. उपचार पार पाडण्याचे ते एक साधन आहे. किरण पडणाऱ्या त्वचेवर हळद, तेल वा झाडपाल्याचा लेप डॉक्टरांना विचारल्याविना लावू नये. सुती, सैल कपडे वापरावेत, आणि अकोल्याच्या मे महिन्यातील उन्हात तर तो भाग झाकल्याविना बाहेर पडूच नये. तंबाखू व खर्रा या काळात चालू ठेवल्यास त्रास वाढतो व उपचाराचा गुणही घटतो.

गैरसमज : बरे वाटले की उरलेले दिवस सोडले तरी चालते.

या साऱ्या समजुतींत सर्वांत घातक हीच होय. कर्कपेशी व निरोगी पेशी, दोहोंनाही किरणांची इजा होते. परंतु निरोगी पेशी ती इजा मधल्या काळात अधिक चांगल्या रीतीने भरून काढतात, आणि म्हणूनच एकूण मात्रा लहान लहान हप्त्यांत, साधारणतः सोमवार ते शुक्रवार, रोज एक याप्रमाणे देतात. मुखाच्या कर्करोगात हे हप्ते तीस ते पस्तीस, म्हणजे सहा ते सात आठवड्यांचे असतात. स्तनाच्या कर्करोगात आता अनेकदा तीन आठवड्यांत काम होते. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी उरलेल्या कर्कपेशी अधिक वेगाने वाढू लागतात, हे शास्त्राला ज्ञात आहे. त्यामुळे मध्ये पडलेला खंड विश्रांती न ठरता रोगाला दिलेली सवलत ठरतो, आणि डोके व मानेच्या कर्करोगात तर मुदत लांबलेल्या प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने वा त्याहूनही अधिक घटते. निंदण अर्धे टाकलेल्या वावरात तण जसे पुन्हा उसळते, तसाच गाठ दिसेनाशी झाल्यावर सोडलेला रोग पुन्हा डोके वर काढतो. पेरणी, कापसाची वेचणी, घरचे लग्न, दिवाळी, ही सारी कारणे माणसाच्या दृष्टीने रास्तच असतात. परंतु रोग त्यांपैकी एकाचीही दखल घेत नाही. एखादा दिवस यंत्रबिघाडाने वा तापाने चुकलाच, तर घरी बसून न राहता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे, म्हणजे भरपाईची तजवीज करता येते.

गैरसमज : किरणोपचार हा शेवटचा इलाज.

अनेक रुग्णांत, विशेषतः घशाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगात, किरणोपचार एकटा वा औषधांसमवेत, रोग समूळ बरा करण्याच्या हेतूनेच दिला जातो. शस्त्रक्रियेनंतर तो उरलेल्या अदृश्य पेशींचा नाश करण्यासाठी देतात, आणि जखम भरताच, सामान्यतः सहा आठवड्यांच्या आत, तो सुरू व्हावा अशी अपेक्षा असते. रोग हाडांत पसरला असता वेदना शमविण्यासाठीही त्याचा उपयोग होतो, व तेथे अनेकदा एकच हप्ता पुरतो. तेव्हा आपला उपचार यांपैकी कोणत्या हेतूने आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

गैरसमज : हा उपचार मुंबईतच मिळतो, आणि तोही श्रीमंतांनाच.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले व दीर्घकाळ वऱ्हाडातील रुग्णांची धाव तेथेच होती. आज नागपुरात आणि अकोल्याच्या संत तुकाराम रुग्णालयातही किरणोपचार होतो. मुंबईस जावेच लागले, तर आपल्याच अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगे महाराजांच्या नावाची दादरची धर्मशाळा कर्करुग्णांना व त्यांच्या सोबत्यांना निवारा देते. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णास रेल्वेत, दाखला सादर केल्यास, शयनयान वर्गाचे भाडे पूर्ण माफ असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचाराचा समावेश आहे. ही योजना २०१२ साली, राजीव गांधींच्या नावाने, ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम अमलात आली त्यांत अमरावती होता. शिधापत्रिका, ओळखपत्र व निदानाचे कागद घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्रास भेटावे. मंजुरी उपचारापूर्वी घ्यावयाची असते, म्हणून पहिल्याच दिवशी अर्ज करावा.

पहिल्याच भेटीत एकूण हप्ते किती, शेवटची तारीख कोणती, आणि रात्री-अपरात्री त्रास झाल्यास कोणास कळवावयाचे, या तीन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्यात. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी व भाऊबंदांनी रुग्णाच्या समाचारास जाऊन हळहळण्याऐवजी त्या मुदतीपुरती त्याच्या वावराची, गुरांची आणि मुलांच्या शाळेची जबाबदारी आपसांत वाटून घ्यावी. कारण किरणांची मात्रा यंत्र देते, पण ती अखेरच्या हप्त्यापर्यंत घेण्याचे बळ रुग्णास त्याच्या माणसांकडूनच मिळावयाचे असते.