चाळिशीत वल्हे हाती घ्यायचे असेल तर

पावसाळ्यात कृष्णा भरून वाहू लागली की सांगलीत होड्यांच्या शर्यतींचे वारे सुटते. सांगलीवाडीचा तरुण मराठा बोट क्लब, सांगलीचा रॉयल कृष्णा बोट क्लब, शिवाय कसबे डिग्रज, समडोळी, कवठेपिरान अशा गावांचे संघ पाण्यात उतरतात आणि दोन्ही काठ माणसांनी फुलून जातात. काठावरून ओरडून घसा बसवणाऱ्यांत चाळिशीपुढची मंडळी भरपूर असतात. आपणही एकदा होडीत बसावे असे वाटून जाते, मग वय, पोहणे, पाठ, मगरी, खर्च यांतले काहीतरी आडवे येते आणि विषय तिथेच राहतो. यांतल्या काही शंका अगदी रास्त आहेत, काही साफ चुकीच्या. दोन्ही वेगवेगळ्या करायला हव्यात, कारण रास्त शंका हसण्यावारी नेली तर नदीवर ते महागात पडते.

“हे लहानपणीच शिकावे लागते”

दत्तू भोकनळ हे नाव यावर पुरेसे आहे. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे त्यांचे गाव, पाण्याची कायम ओढाताण असलेले. २०१२ मध्ये ते लष्करात भरती झाले आणि खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये असताना, विशी ओलांडल्यावर, रोइंगच्या नौकेत पहिल्यांदा बसले. सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. २०१६ मध्ये ते रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये १३ वे आले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्यांना सुवर्णपदक मिळाले.

अर्थात ते पूर्णवेळ सराव करणारे तरुण जवान होते. दिवसभर दुकान किंवा शाळा सांभाळणाऱ्या माणसाने त्या वेगाची अपेक्षा करू नये. पण त्याच्यासाठीही या खेळात जागा आहे, आणि तीही उपकारादाखल दिलेली नाही. जागतिक रोइंग संघटनेच्या नियमांत ‘मास्टर्स’ हा स्वतंत्र विभाग २७ व्या वर्षापासून सुरू होतो. नौकेतल्या सगळ्यांच्या वयाची सरासरी काढून गट ठरतो आणि ऐंशीच्या पुढच्यांसाठीही गट आहेत. शर्यत २,००० ऐवजी १,००० मीटरची असते. जगभरात यांतले कित्येक जण नोकरी-संसार मार्गी लागल्यावर हा खेळ शिकलेले असतात.

वयाने फरक पडतो तो थकवा भरून निघण्यात. विशीतला मुलगा रोज पाण्यात उतरेल. पंचेचाळिशीत आठवड्यातून तीन दिवस पुरेत. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, कारण रोइंगमध्ये शरीरातले बहुतेक मोठे स्नायू एकाच वेळी कामाला लागतात आणि हृदयावरचा भार चालण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

“बोट क्लब म्हणजे बोटिंग”

सातारा जिल्ह्यात हा गोंधळ जास्त, आणि त्याला कारणही आहे. तापोळ्याला किंवा बामणोलीला शिवसागर जलाशयाच्या काठी ‘बोट क्लब’ अशी पाटी दिसते. तिथे आपण तिकीट काढून बसतो, बोट दुसरा चालवतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर वल्ह्यांची होडी मिळते, पण तीही तासाच्या हिशेबाने. २०२४ मध्ये मुनावळ्याला सुरू झालेले जलपर्यटन केंद्रही मुख्यतः पर्यटकांसाठी आहे. हे सगळे चांगलेच आहे. पण वल्हवणाऱ्यांचा क्लब म्हणजे तेच तेच लोक, ठरलेल्या वेळी, एकाच होडीत, एका लयीत. त्यात एकाने दांडी मारली की बाकीच्यांचा सराव बुडतो. मोठ्या वयात क्लबात जाणाऱ्याने आधी ही गोष्ट मनाशी पक्की करावी. वर्गणीपेक्षा नियमित हजेरी देणे अवघड जाते.

होड्यांचे प्रकारही वेगळे. पारंपरिक शर्यतीच्या होडीत संघ ओळीने बसून हातातल्या वल्ह्याने पाणी मागे सारतो. ऑलिम्पिक रोइंगमध्ये वल्हे होडीच्या कडेबाहेरच्या कडीत अडकवलेले असते, बैठक रुळावर पुढे-मागे सरकते आणि खेळाडूची पाठ होडी जाते त्या दिशेला असते. हे दुसऱ्या प्रकारचे रोइंग आपल्या भागाला सर्वांत जवळ म्हणजे पुण्यात: १८६८ पासूनचा रॉयल कनॉट बोट क्लब, मुळा नदीवरचा अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब, लष्कराची केंद्रे. पण लष्कराची केंद्रे सैनिकांसाठी, कॉलेजचा क्लब विद्यार्थ्यांसाठी आणि कनॉट सभासदांसाठी. सांगलीच्या माणसासाठी पहिली पायरी म्हणजे कृष्णेवरचे गावाचे क्लबच, आणि ती पायरी कमी प्रतीची मुळीच नाही. लय धरणे, पुढच्याच्या वल्ह्याबरोबर आपले वल्हे पाण्यात घालणे, होडी डुलू न देणे, हे दोन्हीकडे सारखेच शिकावे लागते.

“दंडात ताकद हवी”

सरकत्या बैठकीच्या होडीत सर्वांत मोठा जोर पायांचा असतो. पाय रेटायचे, मग कंबरेतून मागे झुकायचे, हात शेवटी ओढायचे. शेतात धान्याचे पोते उचलणारा अनुभवी गडी हाताने ओढत नाही, मांड्यांनी उठतो; इथेही तेच तंत्र. नवशिका उलट करतो: हात आधी ओढतो, खांदे भरून येतात आणि दहा मिनिटांत दमतो. हातात धरलेल्या वल्ह्याच्या होडीत पाय सरकत नाहीत, पण तिथेही जोर दंडाचा नसतो. पाय टेकवून धड वळवायचे, पाठीच्या रुंद स्नायूंनी वल्हे मागे न्यायचे.

जिममधल्या रोइंग मशीनवरही असाच एक गैरसमज दिसतो. पंख्याच्या बाजूला १ ते १० आकड्यांची पट्टी असते आणि लोक अभिमानाने ती १० वर नेतात. त्या पट्टीने पंख्यात किती हवा शिरते तेवढेच बदलते, म्हणजे होडी जड वाटते की हलकी. जोर किती लागणार हे तुम्ही किती वेगाने रेटता यावर ठरते. शिकताना पट्टी ३ ते ५ च्या दरम्यान ठेवावी. पावसाळ्यात नदीवर जाता येत नाही तेव्हा हे मशीन फार उपयोगी पडते, पण तोल त्यावर शिकता येत नाही.

पाठीबद्दलची भीती मात्र खोटी नाही. रोइंगमध्ये सर्वांत जास्त दुखणी कंबरेचीच असतात. पाठ गोल करून ओढणे आणि एकदम सराव वाढवणे ही त्यांची दोन मोठी कारणे. गुडघ्यांवर शरीराचे वजन पडत नाही, पण ते पूर्ण दुमडावे लागतात. गुडघे झिजलेल्यांनी बैठक थोडी कमी पुढे आणावी आणि शिकवणाऱ्याला तसे आधीच सांगावे.

“पोहता येते, मग काळजी कसली”

कृष्णाकाठी आणि वारणाकाठी पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांची एक अख्खी पिढी आहे. त्यांना वाटते, आपल्याला पाण्याची सवय आहे. पण विहिरीतले पाणी जागचे हलत नाही. नदीत प्रवाह असतो, गाळ असतो, पाण्याखाली बाभळीच्या फांद्या आणि पंपाचे पाइप असतात. चांगल्या पोहणाऱ्यानेही कपड्यांसकट, दमलेल्या अवस्थेत किमान ५० मीटर जाता येते का आणि न हलता तरंगता येते का, हे तलावात तपासून घ्यावे. पोहता येत नसेल तरी दार बंद होत नाही. आधी दोन-तीन महिने पोहणे शिका, मग होडी. होडी उलटली तर पहिला नियम एकच: होडी सोडायची नाही. उलटी होडीही तरंगते, आणि काठाकडे पोहत सुटलेला माणूस एकटा पडतो.

लाइफ जॅकेट आणि बोटीतली शिस्त यांबद्दल आपल्याकडे जी बेपर्वाई आहे तिच्याविषयी स्पष्ट बोलायला हवे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला, येरळा आणि कृष्णेच्या संगमावरच्या गावात, पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. जन्मभर नदीकाठी राहिलेली माणसे होती ती. नदीची ओळख असणे आणि बोटीची शिस्त असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी शिकायला क्लबासारखी जागा नाही: होडीत किती जणांनी बसायचे, कुणी कधी उठायचे, हुकूम कुणाचा चालणार. गावातल्या चाळीस-पन्नास प्रौढांनी हे अंगी बाणवले तर पुढच्या पुरात त्याचा उपयोग शर्यतीच्या ढालीपेक्षा मोठा असेल.

शर्यती पावसाळ्यात होतात म्हणून शिकायलाही पावसाळाच योग्य, असे कुणी धरून चालू नये. भरल्या नदीवर मुरलेले संघ उतरतात. सांगलीच्या आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. सांगलीत ऊन पडलेले असतानाही कोयनेतून विसर्ग वाढला की नदी चढते. नवशिक्याने दिवाळीनंतर सुरुवात करावी, तेव्हा पाणी संथ असते.

आणि बंधाऱ्यांपासून लांब राहावे. म्हैसाळसारख्या बंधाऱ्यावरून पाणी पडताना वरून फार भयंकर दिसत नाही, पण खाली ते उलटे फिरते आणि तरंगणारी वस्तू पुन्हा भिंतीकडे ओढते. त्यात सापडलेल्या माणसाला लाइफ जॅकेट असूनही सुटणे अवघड जाते.

“नदीत मगरी आहेत, तिथे कोण जाईल?”

मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, डिग्रज या पट्ट्यात त्या दिसतात आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. “आमच्या बाजूला नसतात” असे छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण धोका सगळ्या नदीभर, सगळ्या वेळी सारखा नसतो. मगरीचे बहुतेक हल्ले काठाजवळच्या उथळ पाण्यात होतात: आंघोळ करताना, कपडे किंवा जनावरे धुताना, पंपाचा फूटव्हॉल्व्ह साफ करायला उतरल्यावर. मधल्या धारेत, आठ-दहा जणांच्या चालत्या होडीत बसलेला माणूस तिला सावजासारखा दिसत नाही.

म्हणून काळजी घ्यायची ती होडी लावताना आणि काढताना. घाटावरूनच चढावे-उतरावे, झुडपांच्या काठावरून नको. अंधार पडल्यावर पाण्यात पाय घालू नये. हिवाळ्यात मगरी उन्हाला वाळूवर पडतात, तेव्हा त्या किनाऱ्यापासून होडी लांबून न्यावी. फेब्रुवारी ते एप्रिल हा अंडी घालण्याचा काळ. काठाच्या मातीत खड्डा करून मादी अंडी पुरते आणि दोनेक महिने जवळपास राहून राखण करते. त्या दिवसांत ती अधिक आक्रमक असते. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला दगड मारणे, हुसकावणे हा गुन्हा आहे. नदी तिचीही आहे, आणि हे मान्य करूनच वल्हे हातात घ्यावे असे मला वाटते.

“हा श्रीमंतांचा, उंचपुऱ्या पुरुषांचा खेळ”

आंतरराष्ट्रीय स्पर्धेची एकेरी नौका कमीत कमी १४ किलोची असते, आठ जणांची ९६ किलोची, आणि ती कार्बन फायबरची असल्याने महाग असते. पण जगात कुठेही शिकणारा माणूस होडी विकत घेत नाही. होडी क्लबाची असते. अमेरिकेत बोस्टनला चार्ल्स नदीवर १९८५ मध्ये सर्वसामान्यांसाठी असा क्लब सुरू झाला, तिथे प्रौढांना पहिल्या दिवसापासून शिकवतात. आपल्या कृष्णेवर होड्या आहेत, वल्हेकरी आहेत, घाट आहेत. कमतरता आहे ती प्रौढांच्या सकाळच्या बॅचची.

उंची असली तर वल्ह्याचा पल्ला लांब पडतो, हे खरे. पण होडीला सुकाणू सांभाळणाराही लागतो आणि तिथे हलके वजन आणि थंड डोके कामाला येते. महिलांना ऑलिम्पिक रोइंगमध्ये १९७६ मध्ये प्रवेश मिळाला आणि १९८४ पर्यंत त्यांना १,००० मीटरच वल्हवू दिले जाई. १९८८ पासून अंतर सारखे झाले. मास्टर्स स्पर्धेत तर मिश्र नौका असते, त्यात निम्म्या वल्हेकरी महिला असाव्याच लागतात. सांगलीत नवरा-बायकोने एकाच होडीत सराव करायला नियमांची अडचण नाही.

क्लबात चौकशीला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. नवशिक्याबरोबर होडीत मुरलेले किती जण असतात? सोबतीला दुसरी बोट किंवा काठावर दोर घेतलेला माणूस असतो का? आणि सगळ्यांना पुरतील एवढी लाइफ जॅकेट आहेत का? तिसऱ्याचे उत्तर “नाही” आले तरी परत फिरू नका. नव्या प्रौढ सभासदांनी पहिली वर्गणी त्यासाठीच काढावी आणि जॅकेट आल्यावर होडीत बसावे.