कोपर सरळ होत नाही? तरीही जोर काढता येतात

परवा ओपीडीत पन्नाशीच्या घरातले एक रिक्षाचालक आले होते. रक्तातली साखर वाढली होती, म्हणून मी व्यायामाचा विषय काढला. त्यांनी डावा हात पुढे केला. लहानपणी झाडावरून पडून कोपर मोडलं, हाडवैद्याकडून चोळून घेतलं, तेव्हापासून हात पूर्ण सरळ होत नाही. "मध्यंतरी जोर काढायला लागलो. पण हात सरळ झाल्याशिवाय जोर मोजायचा नाही, असं मित्र म्हणाला. रेटून सरळ करायला गेलो आणि कोपर सुजलं. तेव्हापासून सगळं बंद. मोडक्या हाताला कसला व्यायाम, डॉक्टर?"

चूक इथेच होते. कायमचं अडलेलं असतं ते हाड किंवा सांध्याभोवतीचं आवरण. स्नायू अडलेला नसतो. तो मिळेल तेवढ्या हालचालीतही बळकट होतो. रोजची बहुतेक कामं कोपराच्या ३० ते १३० अंशांच्या हालचालीत होतात, म्हणजे शेवटचे काही अंश गेले तरी बरंच हाती उरतं. आणि जेवणानंतर रक्तातली साखर उचलण्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो. व्यायाम सोडला, तर नुकसान कोपरापुरतं राहत नाही.

मग जोर कसे काढायचे? सुरुवात भिंतीला हात टेकून करा. जमू लागलं की स्वयंपाकाच्या ओट्याच्या उंचीवर, मग भक्कम बाकावर आणि शेवटी जमिनीवर या. हात जितके खाली, तितका भार जास्त. वर येताना अडलेलं कोपर जिथे थांबतं, त्याच्या किंचित अलीकडे थांबा. चांगला हातही तिथेच थांबवा, नाहीतर अंग एका बाजूला पिळतं आणि खांदा दुखू लागतो. शेवटचे दोन-तीन जोर जड वाटतील इतपत, ८ ते १२ जोरांचे दोन-तीन फेरे पुरेत. आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, अपंगत्व असलेल्यांनाही.

तत्त्व इतर सांध्यांनाही तेच. गुडघा पूर्ण वाकत नसेल, तर उंच खुर्चीवरून उठबस करा. मनगट मागे वळत नसेल, तर पंजाऐवजी मुठीवर भार घ्या.

व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी थांबलं, तर चिंता नको. सूज आली किंवा दुखणं टिकलं, तर भार कमी करा. सांधा मध्येच अडकू लागला, हालचाल आणखी कमी झाली किंवा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होऊ लागलं, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. कोपराच्या जुन्या फ्रॅक्चरनंतर कित्येक वर्षांनीही तिथली नस दाबली जाऊ शकते. दुखापत ताजी असेल, तर हालचाल परत मिळवण्यासाठी आधी फिजिओथेरपी घ्या. आणि मुलाचं कोपर मोडलं, तर ते चोळू नका. चोळल्याने स्नायूत हाड तयार होऊन सांधा कायमचा आखडू शकतो.

रिक्षाचालकांनी माझ्या खोलीतच भिंतीला हात टेकून दहा जोर काढले. मग वळून विचारलं, "हे मोजायचे ना?"

मोजायचे. सगळे.