मगरीला काय वाटलं असेल?

बडोद्यात जून जवळ आला की दप्तरांच्या दुकानांत एक ठरावीक संवाद कानावर पडतो. "आमच्याला झेडपर्यंत येतं, पण कक्को अजून कच्चा आहे." कक्को म्हणजे गुजराती मुळाक्षरं, आणि हे चार वर्षांच्या मुलाबद्दल चाललेलं असतं. २०२३-२४पासून गुजरातेत पहिलीच्या प्रवेशाला सहा वर्षं पूर्ण असण्याची अट लागू झाली, तेव्हा थोडक्यात हुकलेल्या मुलांचे आईबाप 'पोराचं वर्ष फुकट गेलं' म्हणून हळहळत होते. मला तर ते वर्ष घबाड वाटतं. फक्त ते कशावर खर्च करायचं, हे ठाऊक हवं.

मराठी घरांची धास्ती जरा जास्तच असते, आणि ती अगदीच अनाठायी नाही. शाळा इंग्रजी, रस्त्यावरच्या पाट्या गुजराती, देवघरातल्या पोथ्या देवनागरी. त्यात २०२३च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची केली. म्हणजे आठ वर्षांच्या आत लेकराला तीन लिप्या. मग घरोघरी संध्याकाळी पाटी, पट्टी आणि 'दहा वेळा लिही' सुरू होतं. माझं म्हणणं असं की अक्षरं शिकवायला शाळा आहे. चाळीस मुलांच्या वर्गात बाईंना इच्छा असूनही जे जमत नाही, ते घराने करावं: मुलाला बोलायची पाळी द्यावी. वाचन तिथूनच सुरू होतं. आणि स्वतःच्या मनात काय चाललंय ते ओळखायला मूल शिकतं, तेही तिथूनच.

अक्षरांची घाई करणाऱ्यांना बडोद्यातच एक उत्तर सापडतं. १८७५ साली कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळराव दत्तक म्हणून इथे आला, तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे सयाजीराव म्हणून त्याने १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून गावोगावच्या वाचनालयांचं जाळं विणलं. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरत. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग होता आणि सयाजी बालज्ञानमालेत गुजराती-मराठीतून मुलांसाठी पुस्तकं निघत. (राजाला शिकवायला खास एलियटसाहेब नेमले होते, हेही विसरू नये. तेवढी चैन आपल्याला नाही.) हा इतिहास सांगताना बडोदेकराची छाती फुगते. मांडवीजवळच्या त्या ग्रंथालयात नातवाला घेऊन शेवटचं कधी गेलात, असं विचारलं की मात्र विषय कमाटीबागेतल्या छोट्या रेल्वेकडे वळतो.

पुस्तक घरात आणलं की काम झालं, असंही नाही. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन ते तीन वर्षांच्या मुलांची सुशिक्षित घरं, जिथे आईबाप आधीपासूनच गोष्टी वाचून दाखवत. त्यांतल्या निम्म्या पालकांना वाचायची पद्धत तेवढी बदलायला सांगितली: आपण कमी बोला, मुलाला विचारा, त्याचं अर्धवट वाक्य थोडं वाढवून त्याला परत द्या. चार आठवड्यांत या गटातली मुलं बोलण्यात दुसऱ्या गटाच्या काही महिने पुढे गेली. दोन्हीकडे वाचन सारखंच होत होतं. फरक एवढाच, की एका घरात मूल ऐकत होतं आणि दुसऱ्या घरात गोष्ट सांगण्यात त्याचाही वाटा होता.

आपल्याकडे चित्रांचं पुस्तक उघडलं की बहुधा तोंडी परीक्षा सुरू होते. "हे काय? शेळी. शाब्बास! हे काय? टोपली." दांडिया बाजारातल्या एका घरात मी याहून वेगळा प्रकार पाहिला. चित्रात बाजार होता, भाजीवाली हात उंचावून ओरडत होती. आजीने शेळीचं नाव विचारलंच नाही. ती म्हणाली, "ही एवढी का गं ओरडतेय?" नात चार वर्षांची. तिने पान जवळ ओढलं. "शेळीने तिची मेथी खाल्ली."

"अगंबाई! मग आता काय करेल ती?"

"पोलिसांना बोलवेल." थोडा विचार करून, "नाही, शेळीचं दूध काढेल. मेथीचे पैसे."

आजी हसली नाही, हे तिचं मोठेपण. "म्हणजे मेथीच्या बदल्यात ती शेळीवालीकडून दूध घेईल," एवढं म्हणून तिने पान उलटलं. 'बदल्यात' हा शब्द नातीने पुढे दिवसभर जिथे तिथे वापरला, पोळीच्या बदल्यात बिस्किटापर्यंत. कारण, परिणाम, नुकसानभरपाई सगळं एका पानात आलं, आणि तेही एकही अक्षर न शिकवता. उद्या शाळेत हीच मुलगी छापील वाक्य वाचेल तेव्हा ते कळायला लागणारी सामग्री तिच्यापाशी आधीच असेल. अक्षर फोडून वाचता येतं पण वाचलेलं कळत नाही, ही तक्रार चौथीच्या बाईंकडून ऐकू येते. तिचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

गरीब घरातल्या मुलांच्या कानावर तीन कोटी शब्द कमी पडतात, असा एक आकडा मध्यंतरी फार गाजला. त्याच्या मोजणीवर पुढे बरेच आक्षेप निघाले. मला त्यापेक्षा २०१८चा एक लहानसा अभ्यास बोलका वाटतो. चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि मग मुलं गोष्ट ऐकत असताना त्यांच्या मेंदूतल्या हालचाली पाहिल्या. मोठी माणसं एकूण किती बोलली यापेक्षा मोठ्यांत आणि मुलांत किती वेळा बोलणं इकडून तिकडे गेलं, याचा मेंदूच्या भाषेच्या भागाशी संबंध अधिक दिसला. टीव्ही दिवसभर बोलतो, पण त्याला उत्तर ऐकायचं नसतं. मोबाईलवरच्या बडबडगीतांचंही तेच.

आता मगरीकडे येऊ. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्री फुगली, निम्मं बडोदं पाण्यात गेलं आणि नदीतल्या मगरी वस्त्यांमध्ये आल्या. एरवी मूल घाबरलं की आपल्याकडे हुकमी उपाय असतात. पडलं तर जमिनीला हाट करायचं, 'मुंगी मेली बघ' म्हणायचं, रडू लागलं तर खिडकीतला काऊ दाखवायचा, आणि काहीच लागू पडलं नाही तर 'शहाणी मुलं रडत नाहीत'. त्या आठवड्यात हे सगळे उपाय फसले. 'मगर घरात थोडीच येते?' असं म्हणायची सोय उरली नाही. शेजारच्या सोसायटीत ती आलेली मुलाने बापाच्याच मोबाईलवर पाहिली होती. पाणी ओसरल्यावरही कित्येक दिवस काही मुलं रात्री एकट्याने मोरीत जायला तयार नव्हती.

अशा वेळी 'घाबरू नकोस' हे वाक्य सर्वांत निरुपयोगी. भीती सांगून जात नाही. 'तुला मगरीची भीती वाटते ना? ती कुठून येईल असं वाटतं?' हे विचारलं की मूल बोलू लागतं, आणि अनेकदा असं निघतं, की भीती मगरीची नसून त्या रात्री वीज गेली तेव्हा आई दिसत नव्हती याची आहे. मग उपाय सोपा होतो: मोरीचा दिवा आणि आईची हाक. पंचतंत्रातली माकड आणि मगरीची गोष्ट त्या दिवसांत घरोघरी निघाली असेल. ती सांगताना माकडाच्या हुशारीवर थांबू नये. काळीज झाडावर राहिलं म्हणून सांगून माकड निसटतं, तेव्हा मगरीला काय वाटलं असेल? मित्राला फसवल्याची लाज, की जेवण हुकल्याचा राग? पाच वर्षांच्या मुलांची यावर ठाम मतं असतात.

हा प्रश्न विचारण्याला आधारही आहे. सीलिया ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना पालक चित्रपुस्तक कसं दाखवतात ते पाहिलं. ज्या घरांत चित्रातल्या मुलाला काय वाटतंय आणि का, हे मुलाकडून वदवून घेतलं जात होतं, तिथली मुलं दुसऱ्याला मदत करायला आणि हातातलं द्यायला अधिक तत्पर होती. पालकांनी स्वतःच भावनांवर भाषण दिल्याचा तसा संबंध दिसला नाही. हा अभ्यास २०१३चा. म्हणजे व्हाइटहर्स्टने शब्दांबद्दल जे दाखवलं, तेच इथे मनाबद्दल निघालं: सांगू नका, विचारा. आपल्या भाषेत तर रुसणं, हिरमुसणं, ओशाळणं, धाकधूक, कसंनुसं होणं असं केवढं भांडार आहे. मुलाला मात्र आपण 'हॅपी' आणि 'सॅड' या दोन कप्प्यांवर भागवायला लावतो.

अक्षरांचं काय मग? तीही येतात, पण त्यांच्या चालीने. देवनागरी आणि गुजराती या लिप्या उच्चाराला प्रामाणिक, म्हणून सोप्या, असा आपला समज. पण बाराखड्या आणि जोडाक्षरं धरली तर चिन्हांची संख्या काही शेकड्यांत जाते. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात हे शिकणं चौथीपर्यंत चालू असलेलं दिसलं. मराठीची गत फार वेगळी नसावी. 'दिवा' लिहिताना बोलतो आधी 'द', लिहितो आधी वेलांटी. पाच वर्षांच्या मुलाने ती पुढे काढली तर त्याने कानाने ऐकलं तसं लिहिलं. चूक आहे, पण हुशारीची चूक. त्यावर पट्टी उगारू नये. त्यापेक्षा भाजी निवडताना शब्दांची साखळी खेळावी: कमळ, ळवर अडलं की सगळे हसतात, मग दुसरा शब्द. शब्द तुटतो, त्याचे तुकडे पडतात, हे कानाला कळलं की डोळ्याला अक्षर कळायला सोपं जातं. रिक्षातून जाताना 'ખમણ'ची पाटी दाखवून, डोक्यावर रेघ दिली तर हे 'खमण' जवळपास आपल्यासारखंच दिसतं की नाही, हे विचारावं. पाटी खमणाची असल्याने लक्षात राहते.

'आम्ही कुठे एवढे शिकलेले?' असं म्हणणाऱ्या आयांना बडोद्यातलीच हकीकत सांगण्यासारखी आहे. २००१ ते २००३ या काळात इथल्या आणि मुंबईच्या पालिका शाळांत 'प्रथम' संस्थेने बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच, दहावी-बारावी झालेल्या मुली, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, महिना ५०० ते ७५० रुपये. तिसरी-चौथीतली मागे पडलेली वीसेक मुलं घेऊन त्या रोज दोन तास बसत आणि मूल जिथे असेल तिथून सुरुवात करत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी याची काटेकोर तपासणी केली, तेव्हा मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. या दोघांना २०१९ साली नोबेल मिळालं. त्यांच्या त्या कामातला एक मोठा तुकडा बडोद्याच्या वर्गांतला आहे, हे इथे फारसं कुणी सांगत नाही. बालसखीकडे पदवी नव्हती. समोरच्या मुलासाठी राखून ठेवलेला वेळ होता.

वेळेचं रडगाणं मला पूर्ण पटत नाही, पण नोकरी करून मकरपुऱ्याहून सातला घरी पोचणाऱ्या बाईला 'रोज अर्धा तास वाचा' सांगणं हाही उद्धटपणा आहे. दहा मिनिटं पुरतात. बापानेही वाचावं. आपल्याकडे बाप गृहपाठ तपासतो आणि गोष्ट आजीच्या गळ्यात पडते.

राहिला भाषेचा प्रश्न. बडोद्यात सून गुजराती आणि सासरे मराठी, किंवा उलट, अशी घरं गल्लोगल्ली आहेत. मुलाचा गोंधळ उडेल म्हणून दोघंही मोडक्या इंग्रजीत बोलू लागतात, आणि मुलाला तिन्हींपैकी एकाही भाषेत भांडता येत नाही. ज्याची जी भाषा, त्याने तीत वाचावं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर कितीतरी गोष्टी मराठी आणि गुजराती दोन्हींत फुकट मिळतात. एकच गोष्ट सोमवारी आजोबांनी मराठीतून वाचावी आणि मंगळवारी आईने गुजरातीतून. दुसऱ्या दिवशी मूल मध्येच थांबवतं, 'आजोबांच्यात असं नव्हतं' म्हणून हरकत घेतं आणि मग स्वतःच सांगायला लागतं.