पाचटावर जनरेटर चालेल काय?



गळीत हंगामात बॉयलर बगॅसवर चालतो, टर्बाइन फिरते आणि वीज घरचीच असते. पण हंगाम संपून बॉयलर थंड झाला की आपणही तारेकडे डोळे लावून बसणारे! लाईट गेली की जनरेटर, आणि जनरेटर म्हटला की डिझेल. "शेतात एवढं पाचट जळतं, त्यावर का नाही चालवत?" असे सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे.

लहानशा गरजेला बॉयलर-टर्बाइन परवडत नाही. त्याला गॅसिफायर हवा. ही एक उभी, बंद भट्टी. तीत लाकडाचे तुकडे टाकून हवा बेताचीच सोडायची, म्हणजे जळण पुरते न जळता त्याचा वायू होतो. त्यात जळणारे मुख्यत्वे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन. निम्म्याच्या आसपास नुसता नायट्रोजन. हा वायू गार व स्वच्छ करून डिझेल इंजिनात सोडला की ७० टक्क्यांपर्यंत डिझेल वाचते. सगळे नाही, पेट घ्यायला डिझेल लागतेच. वीज गेल्यावर इंजिन आधी डिझेलवरच सुरू करायचे. भट्टी तापून चांगला वायू येऊ लागला की झडप उघडायची. युनिटमागे किलो-सव्वा किलो कोरडे लाकूड धरावे.

कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील होसहळ्ळी गावी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये असे यंत्र बसविले. आधी दिवे, पुढे पाणी आणि पिठाची गिरणीही त्यावर चालली.

पाचटाची मेख मात्र वेगळीच. ते हलके, फुगीर. भट्टीत नीट खाली सरकत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात उसाचे पाचट व बगॅस यांवर चालणारा गॅसिफायर तयार केला, पण तो उष्णतेसाठी. इंजिनाचे तसे नाही. वायूत डांबर राहिले की झडपा चिकटल्याच म्हणून समजा! तेव्हा जनरेटरला बाभूळ-सुबाभळीचे तुकडेच बरे, तेही ओल २० टक्क्यांच्या आत येईतो वाळवलेले.

आणि स्पष्टच सांगतो, पाचट उद्या चालले तरी सगळे कारखान्याला घाला असे आम्ही म्हणणार नाही. खोडव्याच्या सरीत ते राहिले तर ओल टिकते, तण दबते, कुजून जमिनीला मिळते. काडी मात्र लावू नका.

कोणी गुऱ्हाळावर वा गिरणीवर असे यंत्र बसविणार असेल तर ते उघड्या शेडमध्येच बसवावे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद खोलीत गळती झाली तर माणूस बसल्या जागी जातो.