उणे 30 अंशांतही न मरणारी लसूणघास आली कुठून?

दुभती जनावरं असलेल्या घरात लसूणघास काय असते हे सांगावं लागत नाही. एकदा पेरली की कापत राहायचं, ती पुन्हा फुटते. पण वेंडेलिन ग्रिम या जर्मन शेतकऱ्याने 1858 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात ती पेरली, तेव्हा तिथल्या हिवाळ्याने बरीचशी मारून टाकली.

गावाकडून आणलेलं बियाणं थोडंसंच होतं. मग ग्रिमने एकच केलं. जी रोपं वाचली त्यांचं बी धरायचं आणि तेच पुन्हा पेरायचं. असं वर्षानुवर्षं. 1900 च्या सुमारास मिनेसोटा विद्यापीठाचं लक्ष तिकडे गेलं आणि ‘ग्रिम’ हे वाण दूरवर पसरलं.

मग रोपं थंडी सोसायला शिकली का? तर नाही. लसूणघासीत परागीभवन मधमाश्यांमुळे होतं, शिवाय प्रत्येक गुणसूत्राचे चार संच असतात. त्यामुळे एकाच शेतातली दोन रोपं सारखी नसतात. काहींमध्ये सायबेरियापर्यंत आढळणाऱ्या पिवळ्या फुलांच्या रानटी भावंडाची जनुकं आधीच मिसळलेली होती. निवड थंडीने केली, ग्रिमने फक्त बी सांभाळलं. (हेही काही कमी नाही!) एरवी जांभळी फुलणारी ही घास त्याच्या वाणात रंगीबेरंगी फुलायची, ती या सरमिसळीमुळेच.

दिवस लहान होऊन गारठा वाढला की ‘सीबीएफ’ नावाची जनुकं स्विचसारखी काम करतात आणि इतर अनेक जनुकं चालू करतात. साठवलेल्या स्टार्चची साखर होते, पेशींची आवरणं जपणारी प्रथिनं तयार होतात. हे गरजेचं असतं, कारण बर्फ आधी पेशीच्या बाहेर जमतो आणि आतलं पाणी ओढून घेतो. म्हणजे बर्फात रोप खरं तर कोरडं पडून मरतं!

याची किंमतही आहे. अशी घास हिवाळ्याआधीच वाढ थांबवते, म्हणजे चारा कमी. म्हणूनच वाणांना 1 ते 11 अशी श्रेणी देतात: 1 म्हणजे लवकर झोपणारं, 11 म्हणजे थंडीतही वाढणारं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं आरएल-88 रब्बीच्या थंडीतही कापायला येतं, पण मिनेसोटात ते टिकणार नाही.

आता नवी अडचण आहे ती उबदार हिवाळ्याची. जमिनीवरचा बर्फ मुळांच्या वरच्या कोंबांना गोधडीसारखा जपतो. मध्येच ऊन पडलं की ही गोधडी वितळते, रोपही सैल पडतं, आणि आठवड्याभराने कडाका परत येतो.