ओव्हन तीन हजार वॉटचा, वायर कितीची?

मॉड्युलर किचन करताना ड्रॉवरच्या चॅनेलवर, हँडलच्या रंगावर तासभर खल होतो. बिल्ट-इन ओव्हन कोणत्या उंचीवर बसवायचा, तेही ठरतं. त्या ओव्हनला वीज पोहोचवणाऱ्या वायरचा विषय मात्र सहसा निघत नाही. तो वायरमनच्या मर्जीवर सोडलेला असतो, आणि वायरमनने तो बंडलात काय उरलंय त्यावर.

दिवाळीत नानकटाईचं पीठ डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर जाणारी घरं आता केक घरीच भाजतात. ओट्यावरचा छोटा ओटीजी साधारण १२०० ते २००० वॉटचा असतो, बिल्ट-इन ओव्हन ३००० वॉटच्या आसपास जातो. वॉटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. ३००० भागिले २३०, म्हणजे १३ अँपिअर. मिक्सरच्या सहा अँपिअरच्या सॉकेटचा प्रश्न इथेच निकाली निघतो. ओव्हनला सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंटच हवा.

आता वायर. जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये दाखवून दिलं, की वाहकात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५०० वॉटच्या मिक्सरपेक्षा ३००० वॉटचा ओव्हन सहापट प्रवाह ओढतो. पण त्याच वायरीत उष्णता मात्र सहापट नव्हे, छत्तीसपट तयार होते. ‘मिक्सर इतकी वर्षं चालतोय की याच पॉइंटवर’ हा युक्तिवाद म्हणूनच फोल आहे.

डीबीपासून, म्हणजे घरातल्या वितरण बोर्डापासून, ओव्हनपर्यंत पंधरा मीटर अंतर धरा. जायची आणि यायची मिळून तीस मीटर तांब्याची वायर. ती १.५ चौरस मिलिमीटरची असेल तर तिचा रोध सुमारे ०.४ ओहम. १३ अँपिअरला तिच्यात ६७ वॉट उष्णता होते. २.५ ची असेल तर ४० वॉट, ४ ची असेल तर २५. ओव्हन तापवायला विकत घेतलेली वीज भिंत तापवते, हा त्यातला किरकोळ तोटा. खरा धोका आवरणाला असतो. नेहमीच्या पीव्हीसी वायरीतलं तांबं सतत ७० अंश सेल्सिअसच्या वर तापणं अपेक्षितच नाही. त्यापलीकडे आवरण हळूहळू कडक होतं, तडकतं, आणि हे सगळं प्लॅस्टरच्या आत, कुणाला न दिसता चालतं.

वायर किती तापेल हे ती कुठे आहे यावरही ठरतं, आणि घोळ नेमका इथे होतो. भिंतीत बुजवलेल्या पाइपमधून एकटीच लाइन जात असेल आणि भोवतालचं तापमान ३० अंश असेल, तर वायरींच्या क्षमतेच्या कोष्टकाप्रमाणे १.५ ची वायर १७.५ अँपिअर पेलते, २.५ ची २४ आणि ४ ची ३२. दुकानात सांगितले जाणारे आकडे साधारण असेच असतात. पण आपल्याकडे त्याच पाइपमधून गिझरची लाइन जाते, फ्रीजची जाते. तीन भारलेल्या लाइनी एकत्र असल्या तर क्षमता ०.७ ने गुणायची. एप्रिलमधल्या स्वयंपाकघराचे ४० अंश धरले तर पुन्हा ०.८७ ने. मग १.५ ची वायर जेमतेम १०.७ अँपिअरवर येते, म्हणजे ओव्हनच्या गरजेच्याही खाली. २.५ ची १४.६ वर, ४ ची १९.५ वर.

२.५ पुरेल असं वाटतं ना? ओव्हनच्या १३ पेक्षा ती वर आहे. पण मध्ये एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच, असतो आणि तो ओव्हनसाठी नाही, वायरीसाठी असतो. क्रम असा हवा: उपकरणाच्या प्रवाहापेक्षा एमसीबी मोठा, एमसीबीपेक्षा वायरीची क्षमता मोठी. सोळाचा एमसीबी १८ अँपिअरवर तासभर ढिम्म हलत नाही. २३ च्या थोडं वर गेल्यावर तो तासाभरात पडलाच पाहिजे, एवढीच प्रमाणकाची सक्ती आहे. १४.६ अँपिअर पेलणाऱ्या वायरीचं रक्षण तो करू शकत नाही. म्हणून अशा गर्दीच्या पाइपात ४ चौरस मिलिमीटरच घ्यावी. लाइन स्वतंत्र पाइपातून, कमी अंतरावर नेली तर २.५ ला आक्षेप घेण्याचं कारण नाही.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून सोळाचा काढून बत्तीसचा बसवणं हा आपल्याकडचा लाडका उपाय. तक्रार बंद होते, कारण तक्रार करणाराच काढून टाकलेला असतो.

ब्रिटनमध्ये चार शेगड्या आणि ओव्हन असलेला दहा किलोवॉटचा कुकर ३२ अँपिअरच्या एमसीबीवर आणि बहुधा ६ चौरस मिलिमीटरच्या केबलवर चालतो. हिशेबाने तो ४३ अँपिअर ओढायला हवा. पण थर्मोस्टॅट सगळ्या कॉइल एकाच वेळी चालू ठेवत नाहीत, म्हणून तिथे पहिले दहा अँपिअर पूर्ण आणि उरलेल्याचे तीस टक्के धरतात. ही सवलत बऱ्याच कॉइलच्या कुकरला आहे. आपल्या एकट्या ओव्हनला ती लावू नये. तो तापताना पूर्ण १३ अँपिअर घेतो.

जाड वायर टाकूनही एक गोष्ट घात करू शकते, ती म्हणजे ढिला स्क्रू. सॉकेटच्या टर्मिनलवर नुसता ०.१ ओहम रोध वाढला तरी १३ अँपिअरला तिथे १७ वॉट उष्णता होते, तीही वाटाण्याएवढ्या जागेत. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं छोटं सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॉटचं असतं. प्लग काढल्यावर पिना हाताला चटका देत असतील, सॉकेट पिवळं पडलं असेल, तर वायर बदलण्याआधी ते टर्मिनल उघडून बघायला सांगा.

ओव्हनच्या पट्टीवरचे वॉट, डीबीतल्या एमसीबीवरचा आकडा आणि वीजबिलावरचा मंजूर भार हे तिन्ही लिहून घ्या आणि परवानाधारक वायरमनच्या हाती द्या. अर्थिंग आणि वीजगळती झाली की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, तेही त्याच भेटीत तपासून घ्या. आणि घराचं वायरिंग सध्याच निघालं असेल, तर ओव्हन घ्यायचा विचार नसला तरी डीबीपासून ओट्यापर्यंत ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन, स्वतंत्र पाइपातून, टाइल्स बसण्याआधी टाकून घ्या.