टाके कोण काढणार?

सकाळी साडेसहा
पहिला फोन कोरचीकडच्या आशाताईंना. जीप निघायची वेळ झाली, लोक जमले का? जमले, पण एक गडी मंडईला गेलाय, रात्रभर नाटक बघून तिकडेच झोपला असणार. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि वडशाच्या कंपन्यांची नाटकं रात्र जागवतात. शहरात बसून शस्त्रक्रिया शिबिराची तारीख काढणाऱ्याला हे कुठून कळणार? आमच्या कुरखेड्यात तारीख ठरते ती धान चुरून झाल्यावर आणि मोह गळायच्या आत. सर्जनची सुट्टी त्यात बसवायची.

साडेआठ
ऑपरेशन थिएटर. ऑटोक्लेव्हमधून ड्रम बाहेर आला की आधी त्यावरची पट्टी बघायची. रेघा काळ्या उमटल्या तर वाफ बसली, फिक्या राहिल्या तर सगळं पुन्हा. जनरेटरचं डिझेल, ऑक्सिजनचे सिलिंडर, सक्शन. पाहुणे डॉक्टर सुया-दोरे आणतात, वीज आणत नाहीत.

दहा
तपासणी. आजचा बराचसा वेळ इथेच जाणार.

बाकावर पुरुषच जास्त. पूर्व विदर्भात हत्तीरोग जुना, त्यातून अंडवृद्धी होते. वर्षाकाठी वाटलेल्या गोळ्यांनी रक्तातले जंतू कमी होतात, पण साठलेलं पाणी बहुधा शस्त्रक्रियेनेच जातं. लाजेपायी माणूस वर्षानुवर्षं बोलत नाही. बायकोला बाहेर बसवलं की मग सांगतो.

प्रत्येकाची सिकलसेलची चाचणी. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा आणि नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. गढूळ होऊन त्या झाकल्या गेल्या तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस. वाहक निघाला तर सर्जन-भूलतज्ज्ञांना आधी सांगून ठेवायचं. आजारच असेल तर नाव यादीतून काढायचं, कारण अशा रुग्णाला उपाशीपोटीची तहान, थंडी, कमी पडलेला ऑक्सिजन, काहीही महागात पडतं. त्याला नागपूरला मेडिकलला पाठवायचं.

एक मामा सगळ्या तपासण्यांत पास झाले, पण उठायला तयार नाहीत.
"माझा काटा लागाचा आहे जी. धान केंद्रावर पडून आहे."
"मामा, मुलगा जाईल की काट्याला."
"बरं. पण डाक्टर तं दोन दिवसांत जातेत. मंग टाके कोन काढन?"

याहून नेमका प्रश्न मला कुठल्याही बैठकीत ऐकू आलेला नाही.

तीन
सर्जनचा फोन. भला माणूस. म्हणतात, दोन दिवसांत आणखी बरेच करू, यादी वाढवा. मी नाही म्हणते. टेबलावरचा वेळ त्यांचा, पण रात्रीची सिस्टर एकच. आठवड्याने जखमेत पू झाला तर ते मुंबईत आणि रुग्ण रानात.

२०१५ मध्ये लॅन्सेट आयोगाने सांगितलं, जगात ५ अब्ज लोकांना सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही. माझा बाकही त्यातलाच. पण आयोगाने कसोटीला धरलेल्या तीन शस्त्रक्रिया म्हणजे सिझेरियन, पोट उघडणं आणि उघड्या अस्थिभंगाचा इलाज. यातलं एकही दुखणं शिबिराची वाट बघत नाही. भर पावसाळ्यात नाला चढलेला असताना अडलेल्या बाईला जानेवारीच्या यादीचा काय उपयोग? शिबिर थांबू शकणाऱ्या दुखण्यांसाठीच असतं, हे देणगीदारांना पटवणं अवघड जातं.

म्हणूनच मला चातगावजवळ शोधग्रामला 'सर्च' संस्थेने धरलेली वाट बरी वाटते. बाहेरचे सर्जन तिथेही येतात, पण ते गेल्यावर दवाखाना तिथेच असतो.

पाच
संमतीपत्रं. अंगठा घेण्याआधी गोंडीत किंवा छत्तीसगढीत सगळं सांगायचं, मग त्यांच्याच तोंडून परत वदवून घ्यायचं. काही आठवडे पोतं उचलायचं नाही. सायकलवर घरी जायचं नाही, हे मात्र निक्षून सांगावं लागतं.

आठ
टाक्यांची यादी. प्रत्येक नावापुढे गाव, उपकेंद्र, आशाताईंचा नंबर. हर्नियावाल्यांचा आठवा दिवस नेमका बाजाराचा. मी तारीख पुढे ढकलायला निघाले, तर आशाताई फोनवर म्हणाल्या, "बाजाराच्या दिवशीच बोलवा ना ताई, सारे येतेतच."

उपकेंद्राच्या सिस्टरला फोन लावला. ड्रेसिंगचं सामान पाठवा, बाकी मी बघते, म्हणाल्या. खरेदीच्या यादीत गॉझ वाढवला.